भांडं उतरेपर्यंत

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं आणि श्रीपादबुवांनी म्हातारीला राजापुढे उभं केलं होतं.

राजाच्या नगरीला कधीकाळी आग लागलेली. तेव्हापासून त्यानं दवंडी पिटवलेली की सूर्य मावळला की कुणाच्याही घरी पेटलेली चूल दिसता कामा नये. शिपाई पाण्याच्या घागरी घेऊन दारोदार फिरत होते. आणि ह्या म्हातारीच्या चुलीवर तर देवाच्या नैवेद्याची खीर शिजत होती. बुवांनी चिपळ्या खाली केल्या, आवाज पार घशात नेला आणि हात जोडून म्हणाले, "राजा, कायदा तुझा खरा. पण एवढं भांडं उतरेपर्यंत थांब."

आमच्या भिवरपुरातलं दत्ताचं देऊळ काही मोठं नाही. मी बायकांच्या बाजूला, खांबाला टेकून बसले होते. डोळ्यांना पदर लावला होता. कीर्तनात रडायची मला लाज वाटत नाही, रडायला आलं नाही तर मात्र चुकल्यासारखं होतं. पेटीवर आमचे हे होते. त्यांनी खालचा सूर धरून ठेवला होता आणि मान खाली घातली होती.

तेवढ्यात पुढच्या सतरंजीवरून अण्णा कोठावळे उठले. अण्णा म्हणजे आमचे नगराध्यक्ष, आणि रिवाजाप्रमाणे उत्सवाचे यजमानही तेच. गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यांनी पंचपात्रातलं पाणी तळहातावर घेतलं, ताम्हनात सोडलं आणि साऱ्या देवळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "दिलं. तुळशीरामाची सुगडं भाजून होईपर्यंत दिलं."

बुवांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. तबला थांबला. पेटीचा सूर मात्र चालू होता.

नवख्या माणसाला ह्यात काय झालं ते कळायचं नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे काल्याच्या दिवशी बुवा नारदाच्या गादीवरून यजमानाकडे एक मागणं मागतात आणि यजमान उदक सोडून 'दिलं' म्हणतो. एकदा उदक सोडलं की तो शब्द फिरत नाही. मागणं काय ते आधीच ठरलेलं असतं. कधी समई, कधी घंटा, कधी भिंतीला रंग. पण ते मागतात कीर्तन संपल्यावर, दहीहंडीच्या आधी. इथे बुवांनी काही मागितलंच नव्हतं. मागितलं होतं गोष्टीतल्या म्हातारीनं, आणि तेही गोष्टीतल्या राजाकडे.

आणि दिलं होतं आमच्या नगराध्यक्षांनी, माझा ठराव बाजूला सारून.

बायकांना नगरपालिकेत राखीव जागा झाल्या तेव्हा मी निवडून आले होते. शिंप्याची बायको, भाषण कधी केलेलं नाही. पण एक ठराव मात्र मी मांडला आणि एकमतानं करून घेतला: कुंभारवाड्यातले आवे, म्हणजे मडकी भाजायच्या भट्ट्या, गावाच्या हद्दीबाहेर न्यायचे. नदीपलीकडची जागाही मंजूर करून घेतली. डिसेंबर लागला की गावात आवा पेटवायला बंदी. पोटावर पाय आणायचा म्हणून मी हे केलं नव्हतं. आमच्या ह्यांना दमा. आदल्या हिवाळ्यात तुळशीराम कुंभार आजारी होता, त्याच्या भावानं आवा पेटवला आणि तो धूर थंडीनं खालीच राहून आमच्या आळीत भरला. ह्यांचे ओठ निळे पडले. जिल्ह्याच्या दवाखान्यात नेऊन प्राणवायूची नळी लावली तेव्हा डॉक्टर म्हणाले, असा झटका पुन्हा आला तर मी जबाबदारी घेणार नाही. गाणं तर त्यांनी आधीच बंद करायला लावलं होतं. दम लागेल असं काही नको, पेटी वाजवा, पण गळा काढू नका. ते मी डोळ्यांत तेल घालून पाळत होते. न्हाणीघरात नुसतं गुणगुणले तरी बाहेरून कडी वाजवायची.

आता डिसेंबर सुरू झालेला, बंदी लागू झालेली आणि तुळशीरामाच्या घरात संक्रांतीची सुगडं माळ्यापर्यंत रचलेली. सगळी कच्ची. कच्चा माल बैलगाडीत घालून नदीपलीकडे न्यायचा म्हटला तर तिथे मातीच पोचणार. भाजायची तर इथेच, नाहीतर वर्षाची मेहनत वाया. हे त्यानं कचेरीत येऊन सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं होतं. पण मला त्याच्या सुगडांआधी निळे पडलेले ओठ दिसत होते.

प्रसाद घेताना कुणी कुणाच्या डोळ्याला डोळा देईना. मी बुवांना गाठलं आणि विचारलं की हे असं मागणं धरतात का. बुवा स्वतःच गोंधळलेले. उपरण्यानं कपाळ पुसत म्हणाले, "सिंधूताई, मी तर सतरंजी मागणार होतो हो."

"मग हे उदक लागू नाही ना?"

"तेच तर कळत नाही. मागणारा मी नव्हतो, पण गादी तर नारदाचीच होती." मग ते म्हणाले, "आणि आता सतरंजीचं काय?"

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत हेच. वानखडेसाहेब आमचे मुख्याधिकारी, नागपूरकडचे, सज्जन आणि नियमाला एकदम पक्के. त्यांनी बंदोबस्ताचा कागद तयार करून ठेवला होता. अध्यक्षांची सही झाली की पोलीस जाऊन आवा थांबवणार. अण्णांनी सही केली नाही. वानखडेंनी कायद्याचं पुस्तक काढून समजावलं की सभेनं केलेला ठराव अध्यक्षाला थांबवता येत नाही. कलेक्टरांना येतो, नाहीतर सभेनं स्वतः बदलावा.

अण्णा शांतपणे पान लावत होते. "मी कुठे थांबवलाय? मी फक्त घाई करत नाहीये."

"साहेब, कायद्याच्या बाबतीत घाई न करणं म्हणजेच थांबवणं झालं."

"मग असं समजा, माझा हात दुखतोय."

वानखडेंना हसावं की रागवावं कळेना. मला तर रडूच येत होतं. मी अण्णांना म्हटलं की तुमच्या हातापायी माझ्या माणसाचा जीव जाईल. ते पानाची शीर काढत राहिले. "वहिनी, श्रीरंगाला काही होणार नाही," एवढंच बोलले. कशावरून, ते सांगेनात. इतकी वर्षं मी त्या माणसाला भला म्हणत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं, हा पक्का राजकारणी आहे. देवाच्या नावावर मतं राखतोय.

गावाला तर विषयच मिळाला. नळावर बायका विचारायच्या, "सिंधूताई, तुमचा ठराव मोठा की अण्णांचं उदक?" चेष्टेनं विचारायच्या, मला मात्र ती चेष्टा वाटायची नाही. मी लहानपणापासून कीर्तनात वाढलेली. देवापुढे दिलेला शब्द मोडला तर काय होतं, ते मी शेकडो वेळा डोळे पुसत ऐकलेलं. आणि त्याच देवापुढे मी रोज ह्यांच्या श्वासासाठी हात जोडत होते. उदक मोडायचं म्हणजे दत्ताचा अपमान, न मोडायचं म्हणजे आपल्या हातानं आपलं कुंकू धोक्यात घालायचं. रात्रंदिवस तेच. आमटीत मीठ दोनदा पडायचं.

सगळ्यात राग आला तो ह्यांचा. एवढं सगळं ह्यांच्या जिवाचं चाललेलं, आणि हे मशीनवर वाकून कुणाच्या तरी लेंग्याला नाडी घालताहेत. एका संध्याकाळी मी सांगून टाकलं की उद्या पहिल्या एसटीनं जिल्ह्याला जाते आणि कलेक्टरांपुढे उभी राहते.

मशीनचा पाय थांबला. "नको जाऊस."

"का नको? तुमच्यासाठीच चाललेय."

"म्हणूनच म्हणतोय."

मी कारण विचारलं. हे दोऱ्याचं रीळ फिरवत बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांच्या पोटातलं बाहेर काढणं मला कधी जमलं नाही. तेवढ्यात दारात वहाणा वाजल्या. अण्णाच होते. बंडीचं बटण तुटलंय म्हणाले, पण बंडी आणलीच नव्हती.

मी चहा टाकला. चहा देताना मी सरळच विचारलं, "अण्णा, हे तुम्ही कुणाच्या सांगण्यावरून केलंत? कुंभारवाड्याच्या?"

अण्णांनी ह्यांच्याकडे पाहिलं. "सांगू का रे?"

"मी सांगतो," हे म्हणाले. मान वर न करताच. "अगं, मी सांगितलं होतं अण्णांना. उत्सवाच्या आधीच. म्हटलं, यंदाची सुगडं तेवढी भाजू द्या."

मला वाटलं माझ्या कानांनी दगा दिला. मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. मग हळूहळू, एकेक टाका उसवावा तसं बाहेर आलं. तुळशीराम आणि हे शाळेपासूनचे. आवा पेटवायच्या आदल्या दिवशी तुळशीराम दुकानात येऊन सांगून जायचा. हे पिशवी भरायचे आणि आवा निवेपर्यंत घाटापलीकडच्या कोंडिवऱ्याला जाऊन राहायचे. वर्षानुवर्षं असं चाललेलं. मला सांगून जायचे की तिकडे कीर्तनाला पेटी धरायला बोलावलंय. मी डबा बांधून द्यायची. एकदाच काय ते चुकलं, तुळशीराम अंथरुणात होता तेव्हा. त्याच्या भावाला ही गोष्ट ठाऊक नव्हती.

"मग ठराव मांडला तेव्हा का नाही बोललात?"

"सगळं गाव तुला शाबासकी देत होतं. तू पहिल्यांदा उभी राहून बोललीस. मी काय मध्ये तोंड घालू?"

अण्णा म्हणाले की त्यांच्यापुढे मोठाच पेच होता. श्रीरंगाचं नाव घेतलं तर घरात भांडण, नाही घेतलं तर कारण काय सांगायचं. त्या दिवशी बुवांची म्हातारी हात जोडून उभी राहिली आणि त्यांना राहवलं नाही. "उदक सोडताना खरंच रडलो हो मी, नाटक नव्हतं. पण सोडून झाल्यावर कळलं की हे आपल्या हातात नाहीच. अध्यक्षाला ठराव थांबवता येत नाही, वानखडे सांगतो ते खरं आहे. मी नुसता हात धरून बसलोय. आज ना उद्या तो कलेक्टरला कळवणारच. सभेला मात्र थांबवता येतो. आणि ठराव तुमचा. तुम्ही उठलात तर सभा नाही म्हणणार नाही."

मी कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी राहिले. कुणावर चिडायचं तेच कळेना. ह्यांच्या जिवासाठी मी कायदा केला, आणि ज्यांच्यासाठी केला ते स्वतःच म्हणत होते की जरा थांबव. अण्णांना मी राजकारणी म्हटलं होतं, ते तर माझंच घर सांभाळत होते. जिल्ह्याची एसटी मात्र मी चुकवली.

सभेत उठून मी म्हटलं की माझ्याच ठरावाला संक्रांतीपर्यंत मुदत द्यावी, यंदाचा कच्चा माल भाजून झाला की आवे नदीपलीकडे. कुणीतरी मागून म्हणालं, ताईंनी आधी दार लावलं, आता स्वतःच खिडकी उघडतात. हशा झाला. पण हात सगळ्यांचे वर आले. अण्णांनी सभा संपवली आणि बंदोबस्ताचा तो कागद वानखडेंना परत दिला. अण्णांचा हात आता दुखत नव्हता.

बाहेर पायऱ्यांवर वानखडेसाहेब मला म्हणाले, "सगळं नियमात बसलं ताई, माझी तक्रार नाही. फक्त एक समजलं नाही. सभेनंच मुदत द्यायची होती, तर मग ते पाणी कशाला सोडलं?"

"ते तुम्हाला कीर्तन ऐकल्याशिवाय समजायचं नाही," मी म्हटलं. खरं सांगायचं तर मलाही समजलेलं नव्हतं.

पौष सुरू झाल्यावर तुळशीराम दारात आला. या वेळी दुकानात न जाता माझ्या दारात. डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. "वहिनी, उद्या पेटवतो. मास्तरांना सांगा." ह्यांना गाव मास्तर म्हणतं. मी त्याला आत बोलावलं, लाडू दिला. तो उंबऱ्यावरच बसून खाऊन गेला. माझ्याकडे बघायचं त्याला अवघड वाटत होतं, आणि मलाही.

सकाळी ह्यांनी पिशवी भरली. मी म्हटलं, ह्या खेपेला मीही येते. एवढी वर्षं नुसता डबाच बांधला, आता कीर्तनही ऐकते.

ह्यांचा चेहरा पडला. घाटात गाडी फार हेलकावे खाते म्हणाले. तिथे बायकांची नीट सोय नाही. थंडी आपल्याकडच्यापेक्षा जास्त असते. मी प्रत्येक वेळी बरं म्हणत गेले आणि लुगडं बदलून दारात उभी राहिले. गाडीत हे खिडकीशी बसले, सबंध वाट बाहेर बघत. मागे वळून पाहिलं तर कुंभारवाड्यावर धुराची पहिली रेघ उठली होती. मला वाटलं ह्यांच्या छातीत कळ आली असेल, म्हणून असे गप्प.

कोंडिवऱ्याला उतरलो तर पोरासोरांसकट माणसं एसटीपाशी आलेली. "बुवा आले, बुवा आले." मी मागे बघितलं, गाडीत आणखी कोण बुवा होते म्हणून. कुणीच नव्हतं. एका म्हाताऱ्यानं वाकून ह्यांच्या पायांना हात लावला आणि पिशवी घेतली. हे माझ्याकडे बघेनात.

संध्याकाळी मारुतीच्या देवळात मी बायकांत बसले. पेटीवर कुणी दुसराच बसला होता, गावातला न्हावी होता म्हणे. मी ह्यांना शोधत होते. गाभाऱ्याच्या बाजूच्या खोलीतून हे बाहेर आले. डोक्याला पागोटं, अंगावर उपरणं, कपाळाला बुक्का, हातात चिपळ्या. ते उपरणं मी ओळखलं. त्याचा काठ मीच शिवून दिला होता, कुण्या गिऱ्हाइकाचं आहे म्हणून.

हे गादीवर जाऊन उभे राहिले. माणसं पाया पडायला लागली. मग त्यांनी वर बघितलं आणि त्यांची नजर बायकांवरून फिरत माझ्यापाशी येऊन थांबली. मी कडी वाजवणार असं त्यांना वाटलं असावं. पेटीवाल्यानं सूर दिला तरी ह्यांचं तोंड उघडेना.

आणि मग उघडलं. नमनाचा पहिलाच सूर एवढा वर लावला की मी त्यांच्या छातीकडेच बघत राहिले. कधी भाता थकतो, कधी धाप लागते. नाही लागली. सूर निघाला तो लांबत गेला, देवळाच्या पत्र्याला लागला, परत आला, तरी तुटला नाही. घरी दोन पायऱ्या चढून आल्यावर बसायला पाट मागणारा माणूस, तो तिथे हसत, डोलत, एका पायावर गिरकी घेत गात होता. आणि मी, जिनं जन्मभर कीर्तनं ऐकली, हे कीर्तन पहिल्यांदा ऐकत होते.

माझ्या शेजारी एक काळीसावळी बाई बसली होती, मांडीवर नातू. ती माझ्या कानाशी लागली. "तुम्ही बुवांच्या गावच्या ना?"

मी मान हलवली. कोण, ते सांगायचं राहूनच गेलं.

"तुमच्याकडे कुंभाराची भट्टी पेटली की येतात ते. धुराचा त्रास हाये त्यांना. आमचं भाग्य बघा, दुसऱ्याच्या धुरानं आमच्याकडं कीर्तन होतं." ती हसली, मग गंभीर झाली. "पण आता ती भट्टी नदीपल्याड जानार म्हनत्यात. कुन्या बाईनं कायदा केलाय. यंदाची शेवटची. अध्यक्षाला सांगून बुवांनी तेवढी एक मागून घेतली, असं आमचे मालक म्हनत व्हते. खरं का हो?"

गादीवर हे सुरात होते. डोळे मिटलेले.

"मग पुढल्या साली बुवा येतील का?" तिनं विचारलं.

ह्यांनी अभंगाचं पुढचं चरण उचललं, सगळं देऊळ मागे म्हणायला लागलं, आणि मी टाळी धरली.